पत्रिकेत तुझा विषय काय होता?

प्रिय पोरी,

रविवारी रात्री साडेदहाला तुझा फोन आला. बोललीस थोडं, गप्पच जास्त राहिलीस. "मावशी, टाळ्या खूप पडल्या, पण मला कसंतरीच होतंय," हे तीनदा म्हणालीस. माझा आवाज चढला आणि तू फोन ठेवलास. मावशी चिडली असं तुला वाटलं असेल. चिडलेच होते, म्हणून चार दिवस जाऊ दिले आणि आता लिहायला बसले.

तू पाठवलेला पत्रिकेचा फोटो मोठा करून पाहिला. ऊसतोड बायकांची मजुरी आणि आरोग्य यांवरचा परिसंवाद. वर तीन नावं, तिघांच्या मागे पदव्या, तिघांच्या पुढे विषय आणि वीस-वीस मिनिटं. सगळ्यात खाली तुझं नाव, आणि पुढे नुसतं "अनुभवकथन, ७ मिनिटे". एम.ए. झालेली, पीएच.डी.ला नाव नोंदवलेली, तीन हंगाम मजुरांच्या कोपीकोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीझोपडीवर, फिरून चाळीस तोडणी टोळ्यांची माहिती जमवलेली मुलगी तू. त्या कागदावर मात्र तू फक्त ऊसतोड मजुराची पोर होतीस. जी पत्रिका आधी आठ दिवस तुझ्या हातात होती, तिच्यावर तू काही बोलली नाहीस.

सात मिनिटांत तू आईचं सांगितलंस. दिवस भरलेले असताना ती डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढत होती, धाकटा फडाच्या बांधावर झाला, आणि पाचव्या दिवशी तिने पुन्हा कोयता धरला. लोक रडले. रडणारच, गोष्टच तशी आहे. पण खरा घोटाळा पुढे झाला. प्रश्नोत्तरांत एका बाईंनी विचारलं, खाडा म्हणजे काय? माईक व्यासपीठावरच्या सरांकडे गेला. सर म्हणाले, कामगार गैरहजर राहिला की त्या दिवसाची मजुरी कापतात, त्याला खाडा म्हणतात.

आणि तू शेजारी बसून मान हलवलीस. हे तूच मला सांगितलंस, म्हणून लिहितेय.

अगं, मजुरी टनावर असते. २०२४ च्या जानेवारीत दर वाढला तो टनामागेच वाढला, २७३ रुपयांवरून ३६६. ज्या दिवशी कोयता चालला नाही त्या दिवशी मजुरी मुळातच नाही, तर कापणार काय? खाडा हा वरून बसणारा दंड. जोडीला पाचशे रुपये, आणि ते उचलीच्या, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशाच्या, अंगावर चढतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यामुळे बाई कोपीत पडून राहिली की दोघांचं काम बुडतं आणि दंडही दोघांवर बसतो. म्हणून अंगावरून जात असताना, ताप असतानाही ती फडात जाते. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. हा आकडा त्या सभागृहातल्या निम्म्या लोकांना पाठ असेल. पण पाळीची कटकट कायमची मिटवावी असं एखाद्या तिशीतल्या बाईला का वाटतं, याचं एक मोठं उत्तर त्या पाचशे रुपयांत आहे, आणि ते सांगणारी माणसं तिथे कितीशी होती? तू होतीस, आणि तू मान हलवलीस.

"मावशी, ते मोठे आहेत, आणि मी तर अनुभव सांगायला गेले होते." पोरी, सगळी गोम इथेच आहे. त्यांनी तुला अनुभवाच्या खुर्चीवर बसवलं आणि मांडणीच्या खुर्च्या स्वतःकडे ठेवल्या. तू ती वाटणी मान्य केलीस. अनुभव तुझा असेल तर मांडणीही तूच करायची. आपल्या माणसांचं दुःख आपण सांगायचं आणि त्याचा अर्थ दुसऱ्याने लावायचा, ही पद्धत जुनी आहे आणि ती आपल्याच गप्प बसण्यावर टिकून आहे.

हे मी कुठे शिकले तेही ऐक. १९८६ ला शाळेवर रुजू झाले तेव्हा दसरा झाला की माझा वर्ग रिकामा व्हायचा. पन्नास पोरांतली वीस उरायची. मी वही घातली. पोराचं नाव, गेल्याची तारीख, परतल्याची तारीख, बापाने घेतलेली उचल, हंगामात पडलेले खाडे, कुठल्या कारखान्यावर गेले ते. अकरा वर्षं, अकरा वह्या. कुणी सांगितलं नव्हतं. मीही लहानपणी आईबापाच्या मागे कोपीवर गेलेली, चौथीची परीक्षा हुकलेली. १९९७ ला एका संस्थेतले अभ्यासक आले. चांगला माणूस, गोड बोलणारा. दोन महिने आमच्या ओसरीवर बसून त्यांनी वह्या उतरवून घेतल्या. मी त्यांना चहा दिला, टोळ्यांवर नेलं, कुठल्या आकड्याचा काय अर्थ ते समजावलं. उचल वाढते तसा पोरांचा परतीचा महिना पुढे सरकतो, हे मी सांगितलं तेव्हा ते लिहायचे थांबून माझ्याकडे बघत राहिले होते. दीड वर्षाने अहवाल छापून आला. ते वाक्य त्यात होतं, जवळजवळ माझ्याच शब्दांत, त्यांचा निष्कर्ष म्हणून. माझ्याविषयी आभाराच्या पानावर एक ओळ होती, "एका स्थानिक शिक्षिकेचे सहकार्य लाभले." नावसुद्धा नाही.

त्यांनी चोरलं असं मी आज म्हणत नाही. मीच वह्यांचे आकडे माझे मानले आणि अर्थ मात्र मोठ्या माणसांचा मानला. अकरा वर्षांत त्या वह्यांवरून मी दोन पानांचा लेख लिहिला नाही. कुणी अडवलं होतं? वर्तमानपत्राचा पत्ता मला माहीत नव्हता का? माझ्या मनातच नव्हतं की मांडणी हे आपलं काम आहे.

आणि तू मला विचारतेस, आत्मविश्वास कसा आणायचा. हा प्रश्न पुन्हा विचारू नकोस. आरशासमोर उभं राहून तो येत नाही, इंग्रजीच्या क्लासने येत नाही. तू स्वतः मोजलेली एक गोष्ट, जी त्या खोलीत दुसऱ्या कुणी मोजलेली नाही, ती हातात असली की पाय थरथरत असले तरी तोंड उघडतं. तुझ्याकडे चाळीस टोळ्या आहेत. याहून जास्त काय लागतं ते मला सांग.

मुक्ता साळवे चौदा वर्षांची होती. पुण्यातल्या फुल्यांच्या शाळेतली मांगाची पोर. १८५५ मध्ये तिचा निबंध ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला. तुला शाळेत तिची ओळख दुःख सांगणारी मुलगी म्हणून करून दिली असेल. पुन्हा वाच. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं, हे ती सांगतेच. तुझ्या आईचीच गोष्ट ती, एकशेसत्तर वर्षांपूर्वीची. पण ती तेवढ्यावर थांबत नाही. वेद जर ब्राह्मणांचेच, आम्हाला ते बघायचाही अधिकार नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असा मुद्दा ती ठामपणे मांडते. छप्पर आणि वेद एकाच निबंधात, एकाच पोरीच्या हातचे. चौदाव्या वर्षी तिला जे जमलं ते तुला सव्विसाव्या वर्षी का जमू नये?

बाबासाहेबांचंही बघ. १९१७ ला बडोद्यात पारशी धर्मशाळेतून त्यांना काठ्या दाखवून बाहेर काढलं. जानेवारी १९१९ मध्ये मताधिकार कुणाला द्यायचा ते ठरवणाऱ्या साउथबरो समितीपुढे ते साक्षीला उभे राहिले तेव्हा वय होतं २७. तिथे त्यांनी मांडला तो मताधिकाराचा आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न, तोही पूर्ण बांधणी करून. पुढच्या जानेवारीत स्वतःचं पाक्षिक काढलं. बडोद्याचा अनुभव त्यांनी सविस्तर कागदावर उतरवला तो कितीतरी वर्षांनी, आणि तो छापला गेला त्यांच्या निर्वाणानंतर. अनुभव लपवला नाही, पण ओळख म्हणून आधी तो पुढे केला नाही. आधी मांडणी.

तुझ्या बोलीचं सांगते, कारण ते तुला फार लागलंय. न आणि ण चुकतो, "व्हतं" तोंडात येतं, मग मागच्या रांगेतली पोरं हसतात. मी पंधरा वर्षं माझी भाषा घासूनपुसून काढली. एकदा आकाशवाणीवर भाषण झालं. गावाकडे सगळे रेडिओभोवती बसले होते. कार्यक्रम संपल्यावर आई म्हणाली, "तुझं कधी लागणार?" तिला ते माझं वाटलंच नाही. त्या दिवसापासून मी सोडलं ते. तू लिहिताना प्रमाण लिही, कारण तपासणारे कमी नसतात आणि त्यांना कारण द्यायचं नाही. बोलताना जशी आहेस तशी बोल. खाडा, उचल, कोपी, उसाच्या शेंड्यांना आपण म्हणतो ते वाढं, हे शब्द तर अजिबात बदलू नकोस. त्या शब्दांची व्याख्या करण्याचा हक्क हीच तुझी मांडणीची सुरुवात आहे. सर चुकले तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, "सर, एक दुरुस्ती करते." आवाज चढवायचा नाही, माफी मागायची नाही, अर्ध्या मिनिटात सांगून माईक खाली ठेवायचा.

पत्रिका छापायच्या आधी विचारायचं: माझा विषय काय, मिनिटं किती, नावापुढे काय लिहिताय? "अभ्यासक" लिहा म्हणायला तुला लाज वाटते, माहीत आहे मला. चाळीस टोळ्या हिंडलीस, तेव्हा वाटली का?

मला लोक आडमुठी म्हणतात. तुझ्या कानावरही आलं असेल. नाव आणि विषय नसेल तर मी व्यासपीठावर चढत नाही. एकदा "संघर्षशील महिला" म्हणून सत्कार ठरला होता, मी शाल नाकारून परत आले. एका समितीवर घेत होते, तिथे मी विचारलं की सदस्य म्हणून की गावातल्या बायका गोळा करण्यापुरती, तर पुन्हा पत्रच आलं नाही. जवळच्या मैत्रिणी म्हणाल्या, आत शिरली असतीस तर काही कामं झाली असती. झाली असती कदाचित. पण मी जर आभाराच्या पानावर समाधान मानत राहिले असते, तर माझ्या मागे येणाऱ्या तुझ्यासारखीला तेच पान दाखवलं असतं, की तुमची जागा ही. मला ते करायचं नव्हतं, आणि आजही मी तसंच करीन.

एक गोष्ट मात्र माझी चुकली, ती लपवत नाही. त्या अहवालानंतर मी वह्या पत्र्याच्या पेटीत घातल्या आणि कुणालाच दाखवल्या नाहीत. दोन-तीन चांगली पोरं विचारायला आली होती, त्यांनाही नाही म्हणाले. स्वतःही लिहिलं नाही. वीस वर्षांनी पेटी उघडली तेव्हा चार वह्यांना वाळवी लागली होती. हात लावला तर भुगा. त्यात दोनशेच्या वर पोरांची नावं होती, त्यांच्या आईबापांच्या उचली होत्या. राग माझा होता, पण ते आकडे त्यांचे होते. त्यांच्या उपयोगी पडायच्या आधीच मी ते घालवले. तू माहिती कुणाला द्यायची नाही असं माझ्याकडून शिकू नकोस. दे. पण आधी स्वतः लिही, स्वतःच्या नावाने छापून आण, मग दे, आणि देताना कागदावर लिहून दे की हे कुणी जमवलं आणि याचा अर्थ कुणी लावला.

या महिन्यात खाड्यावर लेख लिही. आठशे शब्द पुरेत. सुरुवातीला आई नको, आधी टनाचा दर, मग दंड, मग तुझ्या चाळीस टोळ्यांत कुणाला किती खाडे पडले आणि त्यातले किती बाईच्या आजारपणाचे. आई मधे कुठेतरी येऊ दे, जिथे तिच्याशिवाय मुद्दा पुरा होत नाही तिथे. कच्चा मला पाठव, मी लाल शाईने मारीन, रुसायचं नाही. तुला आणखी तीन ठिकाणांहून आईची गोष्ट सांगायला बोलावणं आलंय म्हणालीस. तिघांनाही कळव की विषय "खाडा आणि ऊसतोड स्त्रीचं आरोग्य" हा आहे, वेळ वीस मिनिटं. एकाने तरी नाही म्हटलं तर घरी बसून लेख पुरा कर.

उरलेल्या सात वह्या एसटीच्या पार्सलने पाठवतेय. वाकडेवाडीच्या स्टँडवर उतरवून घे, ओळखपत्र सोबत ने. तिसऱ्या वहीची शिवण उसवली आहे, पानं सुटी आहेत, पंख्याखाली उघडू नकोस. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर माझं नाव आहे. आकडे वापरशील तिथे ते पूर्ण लिही, आडनावासकट. आणि उचल आणि परतीचा महिना यांचा जो संबंध मी लावला होता, तो तुझ्या चाळीस टोळ्यांवर लागतो का ते बघ. लागत नसेल तर तसंही छाप, माझ्याकडे बघू नकोस.

तुझी,
मावशी