आठ वर्षांच्या मुलाला बेळगाव-कोल्हापूरला मॅचेस खेळणाऱ्या फुटबॉल टीममध्ये घालावं का?

माझ्या मते आठ म्हणजे लवकरच होतं हो. या वयात बॉल पायाला जितका जास्त लागेल तितकं चांगलं आणि ते गावच्या मैदानावर नाहीतर भात कापून झालं की मोकळ्या शेतात पण होतं, त्यासाठी पहाटे उठवून गोव्यातून चोर्ला घाट चढायची काय गरज (त्या वळणांवर अर्धी गाडी ओकते ते वेगळंच). बाहेर जाऊन बेंचवर बसून परत येण्यापेक्षा इथेच म्हापसा, मडगाव, फोंड्याला चार मॅचेस पूर्ण खेळलेला बरा.

साधारण अकरा-बारानंतर विचार करा, पण तेव्हाही एकच खेळ धरून बसू नका. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स (तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना) सांगते की बहुतेक खेळांत 15-16 वर्षांपर्यंत एकाच खेळाला जुंपू नये, आठवड्यात एक-दोन दिवस सुट्टी आणि वर्षात एकूण तीन महिने त्या खेळापासून ब्रेक. कारण वाढत्या वयात हाडांच्या टोकांचा भाग नाजूक असतो, तोच ताण रोज पडला की टाच, गुडघा दुखायला लागतो आणि आपण म्हणतो पोरगा नाटकं करतोय. तसंही आपल्याकडे पावसात मैदानाची तळी होतात, तेव्हा पोहणं वगैरे करू दे.

कोचला एकच विचारा, प्रत्येक पोराला खेळायला मिळतं का, की जिंकायच्या नादात तेच अकरा? आणि पोरगा स्वतः मागे लागलाय की बाबांनाच घाई, हे पण बघा.