बिअर मुरते की शिळी होते?

प्रश्न : दिवाळीच्या सुमारास पुण्यातील एका लहान ब्रुअरीच्या इंडिया पेल एलच्या सहा बाटल्या मी घरी आणल्या होत्या. त्यांपैकी दोन तेव्हाच उघडल्या. संत्र्याच्या सालीसारखा सुंदर वास होता. उरलेल्या माळ्यावर ठेवल्या. मे महिन्यात एक उघडली, तर तो वास गेलेला आणि चव ओल्या पुठ्ठ्यासारखी. वाइन जुनी झाली की चांगली होते, मग बिअरचे असे का व्हावे? राहिलेल्या तीन बाटल्या अपायकारक तर नाहीत ना?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : लोणचे मुरते आणि भाकरी शिळी होते, कारण दोन्हींची घडण वेगळी असते. बिअरच्या बाबतीत तिची चव कशावर उभी आहे, हे आधी पाहावे लागते. आपली इंडिया पेल एल ही बिअर हॉप्स या वेलीच्या कडवट, सुगंधी फुलांवर उभी होती. त्या फुलांतील सुगंधी तेले बिअरमधला सर्वांत नाजूक भाग असतात आणि बाहेरच्या उष्णतेत ती दोन-तीन महिन्यांतच फिकी पडतात. त्याच वेळी, बाटली भरताना आत राहिलेल्या थोड्याशा ऑक्सिजनमुळे माल्टमधील (म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातील) घटकांत बदल होत जातात. पुठ्ठ्याची चव ज्या नॉनेनाल नावाच्या द्रव्यामुळे येते, ते एका लिटरमध्ये ०.१ मायक्रोग्रॅम इतके असले तरी जिभेला कळते.

यात उष्णतेचा वाटा फार मोठा आहे. तापमान १० अंशांनी वाढले की शिळे होण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणजे फ्रिजमध्ये ४ अंशांना जे तीन महिन्यांत घडते, ते ३४ अंशांच्या माळ्यावर दीड आठवड्यात किंवा त्याहूनही लवकर घडू शकते. आपल्याकडच्या बेदाण्याचे उदाहरण घ्यावे : तासगावचा हिरवा बेदाणा कोल्ड स्टोरेजमध्ये रंग टिकवून असतो आणि तोच बाहेर ठेवला की हळूहळू तपकिरी पडतो. एकाच खेपेच्या दोन बाटल्या, एक फ्रिजमध्ये आणि एक स्वयंपाकघरातील फळीवर, तीन महिने ठेवून मी शेजारी-शेजारी ओतून पाहिल्या आहेत. फळीवरच्या बाटलीतील बिअरचा रंग एक छटा गडद झाला होता, नाकाला आधी मधाचा वास आला आणि कडवटपणा घशात रेंगाळत राहिला. फ्रिजमधली मात्र ग्लास तोंडाजवळ नेण्यापूर्वीच दरवळत होती. त्यामुळे मला ब्रुअरीला दोष द्यावासा वाटत नाही.

इंडिया पेल एल पूर्वी इंग्लंडहून जहाजाने कित्येक महिने प्रवास करून मुंबई-कोलकात्याला येत असे, मग ती कशी टिके, असा प्रश्न आपल्या मनात येईल. हॉप्स बिअर नासवणाऱ्या जिवाणूंना आवर घालतात, म्हणून ती आंबट न होता पोहोचे. ऑक्सिजनपुढे मात्र त्यांचे फारसे चालत नाही.

मुरणाऱ्या बिअरही आहेत. बार्ली वाइन किंवा इम्पीरियल स्टाउट यांसारख्या, बहुधा ८ ते १२ टक्के अल्कोहोल असलेल्या, माल्टच्या दाट चवीच्या बिअरमध्ये तोच ऑक्सिजन मनुका, खजूर आणि शेरी या स्पॅनिश वाइनची आठवण करून देणारा गोडवा आणतो आणि सुरुवातीचा अल्कोहोलचा तिखटपणा मवाळ होतो. बेल्जियममधील ओर्व्हाल या बिअरच्या बाटलीत तर ब्रेटॅनोमायसीस हे यीस्ट जिवंत असते. ते उरलेली साखर सावकाश खात राहते, त्यामुळे काही महिन्यांनी ती अधिक कोरडी होते आणि तिला निराळाच रानवट वास येतो. पण अशा बिअरलाही अंधार आणि १० ते १३ अंशांचा स्थिर थंडावा लागतो. हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे, ती जमिनीखाली हवा खेळत नसे आणि उन्हाळा पोहोचत नसे म्हणून. माळ्यावर यातले काहीच मिळत नाही. वाइनबद्दलही एक दुरुस्ती करतो : बहुतेक वाइन वर्ष-दोन वर्षांतच पिण्यासाठी केलेल्या असतात.

राहिलेल्या बाटल्या अपायकारक नाहीत. अल्कोहोल, हॉप्स आणि आम्लता यांमुळे रोगजंतू त्यात सहसा वाढत नाहीत. मात्र आता त्या फ्रिजमध्ये ठेवल्या तरी गेलेला वास परत येणार नाही. पुढच्या वेळी लेबलवरील उत्पादनाची तारीख पाहून शक्य तितकी अलीकडची बाटली घ्यावी, दुकानात ती फ्रिजमध्ये होती की उन्हाच्या काचेत मांडलेली, हे पाहावे, कारण उजेडानेही हॉप्सचा वास बिघडतो आणि हिरव्या किंवा पारदर्शक काचेत तो फार लवकर बिघडतो. घरी आणल्यावर बाटल्या फ्रिजमध्ये उभ्या ठेवाव्यात आणि महिनाभरात संपवाव्यात.