ऑटोकॅडमधून १:१०० ला प्रिंट काढली, तरी कागदावर मापं का जुळत नाहीत?

बहुतेक वेळा ड्रॉइंग बरोबर असतं, गडबड प्लॉटच्या, म्हणजे प्रिंट काढण्याच्या, सेटिंगमध्ये असते. 'फिट टू पेपर'वर टिक राहिली की चित्र कागदात मावेल तसं लहान-मोठं होतं आणि स्केल गेलंच म्हणून समजा.

मॉडेलमध्ये, म्हणजे ड्रॉइंग काढायच्या जागेत, सगळं खऱ्या मापात, मिलिमीटरमध्ये काढा. लेआउटमध्ये, म्हणजे छापायच्या पानावर, ए३ कागद घ्या, व्ह्यूपोर्टला (ज्या चौकटीतून मॉडेल पानावर दिसतं तिला) १:१०० स्केल द्या आणि तो लगेच लॉक करा. हे लॉक करणं फार जण विसरतात. मग व्ह्यूपोर्टच्या आत असताना माउसचं चाक जरा फिरलं तरी स्केल बिघडतं. १:१०० स्केल व्ह्यूपोर्टला आधीच दिलेलं असतं, म्हणून लेआउट मात्र १:१ नेच प्लॉट करायचा. पीडीएफवरून प्रिंट काढणार असाल तर तिथेही 'अ‍ॅक्चुअल साइझ'च निवडा, कारण अनेकदा सगळं नीट करूनही माप तिथेच हुकतं. आलेल्या कागदावर पट्टी लावून बघा: ३ मीटरची भिंत बरोबर ३० मिमी भरली पाहिजे.

पिवळ्या रेषा फिक्या येत असतील तर प्लॉट स्टाइलमध्ये 'मोनोक्रोम' निवडा, सगळ्या रेषा काळ्या येतील.