वर बर्फ, खाली गरम: गॅस भरायच्या आधी एवढं बघून घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुळे सोलापुरात फ्लॅट, 2013 चा डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रिज. वर फ्रीजरमध्ये बर्फ होतो, पण खाली ठेवलेलं दूध दुपारपर्यंत नासतं. मेकॅनिक म्हणतो गॅस गेला. सर्व्हिस सेंटर म्हणतं या मॉडेलचे पार्ट येणं बंद झालं, एक्स्चेंजमध्ये नवा घ्या. आता काय करायचं?

आधी गॅसचं. वर बर्फ होतोय आणि खाली गार होत नाही, या लक्षणात गॅसचा नंबर शेवटी लागतो. फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये थंडी एकाच जागी तयार होते, फ्रीजरच्या मागच्या प्लास्टिक पॅनलआड असलेल्या कॉइलवर. पंखा तिथली हवा ओढून थोडी फ्रीजरमध्ये सोडतो, थोडी डक्टमधून खाली. कॉइलवर हवेतला ओलावा गोठतो, तो काही तासांनी हीटर लागून वितळतो. पाणी मागच्या नळीतून कंप्रेसरवरच्या ट्रेमध्ये पडतं आणि तिथल्या उष्णतेने उडून जातं. हीटर लागेनासा झाला की कॉइलच्या पत्र्यांमधल्या फटी बर्फाने बुजतात. मग पंखा ओढणार काय? फ्रीजर कॉइलला चिकटूनच असतो म्हणून तो तग धरतो, खालचा कप्पा उपाशी राहतो.

याची खात्री फुकटात होते. फ्रिज रिकामा करा, प्लग काढा, दोन्ही दारं सताड उघडी ठेवा. उन्हाळ्यात आपल्याकडे दहा-बारा तासांत आतला बर्फ उतरतो, थंडीत पूर्ण दिवस धरा. मागचा ट्रे नेहमीच्या पाण्यापुरताच असतो, तो भरून वाहील, म्हणून खाली जुना टॉवेल अंथरा. चाकू, स्क्रू-ड्रायव्हर काही लावू नका. कॉइलचा पाइप ॲल्युमिनियमचा असतो, टोचला की गॅस खरोखरच जातो. फार घाई असेल तर फ्रीजरमध्ये गरम पाण्याचं पातेलं ठेवून दार लोटून घ्या.

मग चालू करा आणि खालच्या कप्प्यात पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर बुडवून रात्रभर ठेवा. सकाळी 3 ते 5 अंश दाखवले आणि चार-आठ दिवसांनी तीच रड पुन्हा सुरू झाली, तर डिफ्रॉस्टचाच (म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळवण्याच्या व्यवस्थेचा) बिघाड आहे, गॅस जागेवर आहे. बर्फ उतरल्यावरही खाली गार झालंच नाही तर दोन शक्यता. पंखा फिरत नसेल: दाराचं बटण बोटाने दाबून धरा आणि आवाज ऐका. किंवा गॅस खरंच कमी असेल, तेव्हा पॅनल काढल्यावर कॉइलच्या सुरुवातीच्या दोन-तीन वेढ्यांवरच बर्फ दिसतो, बाकी कॉइल कोरडी.

डिफ्रॉस्टच्या साखळीत चार वस्तू: हीटर, बायमेटल (थंडीत जुळणारा, गरम झाल्यावर सुटणारा स्विच), थर्मल फ्यूज (फार तापलं की कायमचा तुटणारा) आणि ठरावीक वेळाने हीटर लावणारा टायमर (किंवा टायमरच्या जागी बोर्ड). साधा मल्टीमीटर पुरे. प्लग काढलेला हवा, हे वेगळं सांगायला नको. कॉइलच्या पत्र्यांनी बोटं कापतात, जाड हातमोजे घाला.

हीटरवर व्होल्ट आणि वॅट छापलेले असतात. 230 गुणिले 230 भागिले वॅट, एवढाच हिशोब. 150 वॅटचा हीटर मीटरवर साधारण 350 ओम दाखवेल, 200 वॅटचा 265 च्या आसपास. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटला.

थर्मल फ्यूजवर तापमान लिहिलेलं असतं, बहुतेक 72 किंवा 77 अंश. मीटर कंटिन्युइटीवर ठेवला की त्याला नेहमी बीप यायला हवा. नाही आला तर तो उडालाय, आणि तो उगाच उडत नाही. बायमेटल चिकटून हीटर नको तितका वेळ चालू राहिला असेल, म्हणून दोन्ही एकदम बदला. फ्यूज काढून वायर सरळ जोडून देणारे कारागीर भेटतात. तसं करू देऊ नका. हीटर बंद झाला नाही तर आतलं प्लास्टिक वितळतं, आणि तुमच्या फ्रिजमध्ये आर-600ए असेल तर तो पेट घेणारा गॅस आहे.

सगळ्यात जास्त फसवतो तो बायमेटल. कॉइलला चिमट्याने लावलेली ही गोल डबी, दोन वायरी निघालेल्या. खोलीच्या तापमानाला ती उघडीच असते, म्हणजे मीटर बीप देत नाही. नवा बायमेटलही देत नाही! टेबलावर तपासून चांगला बायमेटल फेकून देणारे कमी नाहीत. साधं बर्फाचं पाणीही उपयोगाचं नाही, कारण तो शून्याच्या बराच खाली गेल्यावर जुळतो. तीन वाट्या बर्फाचा चुरा, एक वाटी मीठ, प्लास्टिकच्या पिशवीत. बायमेटल दहा मिनिटं त्यात दाबून ठेवा. आतून बारीक ‘टिक’ ऐकू येते आणि मीटर वाजतो. बाहेर काढून हातात धरला की थोड्या वेळाने पुन्हा टिक, बीप बंद. असं झालं तर तो ठणठणीत आहे. डबी फुगलेली किंवा तिच्यात पाणी शिरलेलं असेल तर तपासणीच्या भानगडीत न पडता बदला.

टायमर चार पिनांचा, पांढऱ्या किंवा काळ्या डबीतला, फ्रीजरच्या कंट्रोलजवळ किंवा खाली कंप्रेसरच्या बाजूला. त्याच्या खाचेत स्क्रू-ड्रायव्हर घालून घड्याळाच्या दिशेनेच फिरवा (हे करताना तेवढा फ्रिज चालू हवा, हात वायरींपासून लांब). खट् आवाज झाला की कंप्रेसर थांबला पाहिजे आणि पाचेक मिनिटांत कॉइलवरून पाण्याचे थेंब पडल्याचा चुरचुर आवाज आला पाहिजे. आला, तर हीटर-बायमेटल-फ्यूज सगळे शाबूत, टायमर अडकलाय. टायमरऐवजी बोर्ड असलेल्या मॉडेलमध्ये बायमेटलच्या जागी सेन्सर असतो. तो थंड केला की ओम वाढतात, गरम केला की कमी होतात. आकडा जागचा हललाच नाही तर सेन्सर गेला.

आता पार्ट. सर्व्हिस सेंटर खोटं बोलत नाही. त्या मॉडेलच्या नावाने त्यांच्याकडे पार्ट नसेलही. पण फ्रिज बनवणारी कंपनी बायमेटल बनवत नाही, विकत घेते, आणि तोच बायमेटल दहा मॉडेलना लागतो. म्हणून दुकानात जाऊन फ्रिजचं नाव घेऊन पार्ट मागू नका, पार्टवरचे आकडे घेऊन मागा. आणि शक्य तिथे जुना पार्ट खिशात घेऊन जा.

काय काय जुळवायचं ते पार्टनुसार बदलतं. हीटरचे व्होल्ट, वॅट, लांबी, काचेच्या नळीचा की ॲल्युमिनियमचा, आणि टोकाचा कनेक्टर. बायमेटलचे दोन्ही आकडे, जुळण्याचा आणि सुटण्याचा. टायमरला चार पिना दिसतात सारख्या, पण आतली मोटर कोणत्या दोन पिनांमध्ये आहे ते वेगवेगळं असतं. मीटर लावून बघा, ज्या जोडीत काही हजार ओम दिसतात ती मोटर. चुकीचा टायमर बसतो व्यवस्थित, पण फिरतच नाही. पंख्याची मोटर 12 व्होल्ट डीसी आहे की 230 एसी, शाफ्टची जाडी-लांबी आणि फिरण्याची दिशा. उलटा फिरणारा पंखा वारा देतो, फक्त उलटीकडे.

मॉडेल नंबरचा स्टिकर खालच्या कप्प्याच्या आतल्या भिंतीवर किंवा मागे असतो, त्याचा फोटो काढून ठेवाच. मूळ पार्टवर कोडही सापडतो, सॅमसंगचे कोड ‘डीए’ने सुरू होतात, एलजीच्या बोर्डांचे ‘ईबीआर’ने. तोच कोड ऑनलाइन टाकून शोधलं की जुळणारे पर्याय निघतात. शहरातल्या फ्रिज-एसीच्या स्पेअर दुकानात नसेल तर मागवून देतात. पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या पुढे. रात्रीच्या गाडीला टाकलेलं पार्सल सकाळी हातात. बोर्ड मात्र नवा शोधण्याआधी बोर्ड रिपेअर करणाऱ्याला दाखवा, बऱ्याचदा त्यावरचा रिले किंवा कपॅसिटरच गेलेला असतो. ट्रे, ड्रॉवर, बाटल्यांचे कप्पे, हँडल यासाठी नव्याच्या मागे लागू नका, भंगारात गेलेला त्याच मॉडेलचा फ्रिज हुडका. काचेची शेल्फ फुटली असेल तर काचवाल्याकडून टफन्ड काच करून घ्या. माप नेमकं द्या, टफन्ड झाल्यावर ती कापता येत नाही.

दाराच्या रबराबद्दल. दहा रुपयांची नोट दारात अडकवून ओढा, चारही बाजूंनी दहा-बारा ठिकाणी. सहज निघाली तिथे हवा शिरतेय, आणि शिरलेली दमट हवाच कॉइलवर बर्फ होऊन बसते. बदलण्याआधी रबर कोमट साबणपाण्याने पुसा, घडीत अडकलेलं पीठ-हळद-तेल काढा, दबलेल्या जागी हेअर ड्रायर फिरवून बोटाने बाहेर ओढा. निम्म्या वेळा एवढ्याने काम होतं. नाहीच झालं तर जुन्या रबराचा इंचभर तुकडा कापून दुकानात न्या, कारण खाचेत दाबून बसणारं आणि पत्रीखाली स्क्रूने धरलेलं असे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा काप वेगळा. लांबी-रुंदी जुन्या रबराच्या बाहेरच्या कडांची घ्या.

कंप्रेसर चालूच होत नसेल, दर काही मिनिटांनी ‘टक्’ होऊन शांत होत असेल, तर आधी रिले (कंप्रेसर सुरू करून देणारा) आणि ओव्हरलोड (कंप्रेसर तापला की त्याची वीज तोडणारा) बघा. रिले काढून कानाशी हलवा. आत खुळखुळलं तर आतली चकती फुटली. नवा रिले आणि ओव्हरलोड कंप्रेसरवरच्या नंबरशी जुळणारेच घ्या. सगळ्या फ्रिजना चालतो म्हणून विकला जाणारा तीन वायरींचा जुगाड चालतो खरा, पण ओव्हरलोड कंप्रेसरशी जुळत नसेल तर कंप्रेसर तापल्यावर वेळेवर तुटत नाही. कंप्रेसरच्या तीन पिनांत कमी ओमच्या दोन जोड्यांची बेरीज सगळ्यात जास्त ओमच्या जोडीएवढी आली आणि बॉडीला कुठलीच पिन लागत नसेल तर वाइंडिंग (मोटरची आतली तारांची गुंडाळी) ठीक.

आणि एवढं सगळं करून शेवटी गॅसच निघाला, तर भरणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: लीक कुठे सापडला, फिल्टर ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारी नळी) नवा टाकणार का, आणि वजनकाटा आहे का. फ्रिजच्या माहितीच्या प्लेटवर गॅसचं नाव आणि ग्रॅम लिहिलेले असतात. आर-600ए असेल तर मात्रा फारच थोडी, बहुतेक घरगुती फ्रिजना शंभर ग्रॅमच्या आत. तिथे दहा ग्रॅमची चूकही कूलिंग बिघडवते, आणि या गॅसची परतीची बाजू (कंप्रेसरकडे परत येणारी नळी) अनेकदा हवेच्या दाबापेक्षा खाली चालते, त्यामुळे नुसत्या गेजवर भरलेला गॅस म्हणजे अंदाजपंचे. व्हॅक्यूम पंप अर्धा तास तरी चालला पाहिजे. आर-600ए च्या जागी आर-134ए भरून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा; कंप्रेसर आणि त्यातलं तेल त्या गॅससाठी नाही.

राहिली देखभाल. प्लेटवर ‘टी’ वर्ग लिहिलेला फ्रिज 43 अंशांपर्यंतच्या खोलीसाठी असतो, ‘एसटी’ 38 पर्यंत. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात यातलं काय टिकणार, ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून भिंतीपासून मागे चार इंच, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच जागा सोडा. मागे काळी जाळी दिसत नसेल तर जाळी बाजूच्या पत्र्याआड आहे, ते पत्रे गरम लागणं बरोबरच आहे. फ्रिज छान दिसावा म्हणून त्यावर वरून खालपर्यंत सोलापुरी चादर पांघरणाऱ्या घरांत तीच उष्णता कोंडते. शहराच्या पूर्व भागात, जिथे शेजारीच माग चालतात, सुताचे बारीक तंतू जाळीवर आणि कंप्रेसरच्या खणात लोकरीसारखे बसतात. तिथे महिन्याला मऊ ब्रश फिरवा, इतरांनी तीन महिन्यांनी.

पाणी येईल त्या दिवशी पंधरा बाटल्या एकदम आत कोंबायची सवय असेल तर त्या डक्टच्या तोंडापासून दूर ठेवा, आणि चार-चार करून भरा. लाइट गेली आणि लगेच आली तर स्टॅबिलायझरला तीन-पाच मिनिटांचा टाइम डिले आहे ना, ते बघा. नसेल तर तेवढा वेळ प्लग काढून ठेवा.

बर्फ उतरवून चालू केल्याची तारीख फ्रिजवर चिकटपट्टी लावून लिहा. किती दिवसांनी खालचा थर्मामीटर 8 च्या वर गेला, आणि टायमर फिरवल्यावर चुरचुर आवाज आला की नाही, एवढं कळवलंत की चारपैकी कोणता पार्ट घ्यायचा ते सांगता येईल.