एमआरआयवर नवीन रुजू झालेल्या भावा, हे आधी वाच

सगळ्यात आधी डोक्यात बसव की लाइट गेली तरी चुंबक चालूच असतो. त्याची ताकद १.५ टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीसेक हजार पट. २०१८ च्या जानेवारीत मुंबईत ऑक्सिजनचं सिलिंडर आत नेल्यानं पेशंटच्या नातेवाइकाचा जीव गेला. म्हणून वॉर्डबॉय, आया, सफाईवाले यांना पेशंटइतकंच तपास. घाईत हीच माणसं सिलिंडर नाहीतर स्ट्रेचर घेऊन आत घुसतात.

‘अंगावर धातू आहे का?’ असं विचारशील तर सगळे ‘नाही’ म्हणतील. आपल्याकडे गडचिरोली-चंद्रपूरहून येणाऱ्या बायांना जोडवी, मंगळसूत्र, ब्लाउजची सेफ्टी पिन असं एकेक नाव घेऊन विचार. बाप्यांना करगोटा, ताईत आणि हो, चुन्याची डबी! मग पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट. कोणतं इम्प्लांट बसवलंय ते सांगणारं कार्ड नसेल तर रेडिओलॉजिस्टला विचारल्याशिवाय टेबलावर घ्यायचं नाही, नातेवाईक कितीही ओरडोत.

स्कॅनमध्ये पेशंटचं अंग भाजण्याकडे नवीन पोरं लक्षच देत नाहीत. मे महिन्यात नागपूरच्या धंतोलीत उन्हातून आलेला पेशंट घामानं निथळत असतो. आधी कोरडा कर, गाऊन बदल. हात एकमेकांत गुंतवू देऊ नको, मांड्यांमध्ये पॅड ठेव, कॉइलची (अंगावर लावतो त्या अँटेनाची) वायर अंगाला लागू देऊ नको. कानात प्लग घातल्याशिवाय स्कॅन सुरू करू नको.

क्वेंचचं बटण, म्हणजे आतलं थंड हेलियम उडवून चुंबक बंद करणारं, माणूस चुंबकाला अडकून चिरडत असेल तेव्हाच. पाना चिकटला म्हणून दाबायचं नाही, इंजिनिअरला फोन कर. हेलियम खोलीत पसरलं तर ऑक्सिजन कमी होतो. आधी माणसं बाहेर.