दोन पट्ट्या की चार? : संगणक-जुळणीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : इंदूरला सुदामानगरमधील घरातूनच मी लग्नसमारंभांच्या चित्रफितींचे संकलन आणि वास्तुविशारदांसाठी थ्रीडी चित्रे करून देण्याचे काम करतो. रायझन ९ ९९५०एक्स प्रोसेसर घेऊन संगणक जुळवला, त्यात डीडीआर५ प्रकारच्या मेमरीच्या (रॅमच्या) ३२ जीबीच्या दोन पट्ट्या बसवल्या (वेग ६०००; सीएल, म्हणजे विलंबाचा आकडा, ३०) आणि सारे उत्तम चालले होते. काम वाढले म्हणून त्याच मॉडेलची दुसरी जोडी आणली. आता बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे खोक्यावरचा वेग आपोआप लावणारी सोय, चालू केले की पडदा काळाच राहतो आणि बंद केले की वेग ३६०० दिसतो. मदरबोर्ड सदोष आहे, तो बदला, असा सल्ला मिळाला आहे. तो मानावा का?

उत्तर : मानू नये. आपण सांगितलेली लक्षणे बिघाडाची नाहीत. ९००० मालिकेतील रायझन प्रोसेसरसाठी एएमडीने स्वतः जाहीर केलेली मर्यादा दोन पट्ट्यांना ५६०० आणि चार पट्ट्यांना ३६०० अशी आहे, म्हणजे आपला संगणक कागदावर जे लिहिले आहे तेच आणि तेवढेच देत आहे. खोक्यावरचा ६००० हा आकडा त्या जोडीपुरता असतो. प्रत्यक्षात वेग ठरवतो तो प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलर (मेमरीशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग), मदरबोर्डवरील तारांची आखणी आणि त्या तारांवर लादलेल्या पट्ट्यांची संख्या.

आपल्या मदरबोर्डवर चार स्लॉट असले तरी चॅनेल, म्हणजे माहितीच्या ये-जा करण्याच्या वाटा, दोनच आहेत, आणि एका चॅनेलच्या तारा दोन स्लॉटमध्ये वाटून घेतल्या जातात. बहुतेक मदरबोर्डांवर या तारा आधी जवळच्या स्लॉटला स्पर्शून पुढच्या स्लॉटपर्यंत जातात. म्हणूनच दोनच पट्ट्या असतील तर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात. चारही भरले की संदेशाचे परावर्तन वाढते. शिवाय ३२ जीबीची पट्टी सहसा दोन रँकची (एकत्र काम करणाऱ्या चिपच्या दोन गटांची) असल्यामुळे कंट्रोलरला प्रत्येक चॅनेलवर चार रँक सांभाळाव्या लागतात. मॉडेल क्रमांक तोच असला तरी निरनिराळ्या वेळी विकत घेतलेल्या दोन जोड्यांतील चिप वेगळ्या उत्पादकाच्या असू शकतात, आणि त्या एकत्र चालतील याची हमी कोणीच दिलेली नसते.

आता तोट्याचा हिशेब करू. ६००० वेग म्हणजे सेकंदाला ६००० दशलक्ष हस्तांतरणे, आणि एका हस्तांतरणात प्रत्येक चॅनेलवरून ८ बाइट जातात. त्यामुळे ६००० वेगाला दोन्ही चॅनेल मिळून सेकंदाला ९६ जीबी आणि ३६०० ला ५७.६ जीबी ही सैद्धांतिक कमाल मर्यादा येते. फरक मोठा वाटतो, पण त्याची झळ कामानुसार लागते. प्रोसेसरवर केलेल्या रेंडरिंगला ती फारशी जाणवत नाही. फाइल आवळणे-उलगडणे, द्रवांचे सिम्युलेशन किंवा भाषा-प्रारूप (चॅटबॉटमागचे एआय) प्रोसेसरवरच चालवणे या कामांना ती चांगलीच जाणवते. मात्र मेमरी अपुरी पडून विंडोज माहिती एसएसडीवर टाकू लागले की यापेक्षा कितीतरी मोठी किंमत मोजावी लागते, कारण पीसीआय एक्स्प्रेस ५ची वेगवान एसएसडीदेखील सेकंदाला साधारण १४ जीबीच देते आणि प्रतिसादाला तिला मेमरीच्या शेकडो पट वेळ लागतो. माझ्या मते क्षमतेचा प्रश्न आधी सोडवावा, वेगाचा नंतर.

म्हणून आपला सर्वांत जड प्रकल्प उघडून टास्क मॅनेजरमध्ये ‘कमिटेड’चा (प्रोग्रामांनी मागितलेल्या एकूण मेमरीचा) आकडा पाहावा. तो ६४ जीबीच्या बराच आत राहत असेल तर नवी जोडी परत करावी किंवा विकावी आणि ६००० वरच काम चालू ठेवावे. तो ६४ ओलांडून ९० च्या आसपास थांबत असेल तर दोन्ही जोड्या देऊन ४८ जीबीच्या दोन पट्ट्यांचा एक संच घेणे शहाणपणाचे ठरेल. त्याहून जास्त लागत असेल तर ६४ जीबीच्या पट्ट्यांची जोडीही आता मिळते, पण २०२५च्या उत्तरार्धापासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरांकडे चिपचा ओघ वळल्यामुळे भाव असे चढले आहेत की, आहेत त्या चार पट्ट्याच वापरण्याचा मोह मला समजू शकतो.

तसे करायचे असेल तर आधी बायोस अद्ययावत करावे, एक्स्पो बंदच ठेवावे आणि वेग हाताने ४०००, ४४००, ४८०० असा चढवत न्यावा. प्रत्येक बदलानंतर पहिल्यांदा सुरू होताना मेमरी ट्रेनिंगसाठी (संगणक पट्ट्यांशी वेग जुळवून घेतो त्यासाठी) पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. त्या वेळी घाबरून बटण दाबू नये. एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाला मिळणारा विद्युतदाब) १.३ व्होल्टच्या वर कधीही नेऊ नये. २०२३ मध्ये काही प्रोसेसर जळाल्यानंतर एएमडीनेच ही मर्यादा घालून दिली आहे. प्रत्येक टप्प्यावर मेमटेस्ट८६ हा मेमरी तपासणारा प्रोग्राम पूर्ण चालू द्यावा, आणि शेवटची परीक्षा मे महिन्यातल्या दुपारी घ्यावी. माळव्याच्या रात्रींचा गारवा कितीही नावाजलेला असला, तरी त्यात उत्तीर्ण झालेला संगणक ४० अंशांच्या दुपारी चुका करू शकतो, कारण चिप तापू लागली की तिच्यातला विद्युतभार लवकर गळतो आणि ८५ अंशांपुढे तिला दुप्पट वेळा रिफ्रेश करावे लागते (तो भार पुन्हा भरावा लागतो). पेटीत हवा खेळती ठेवणारा एखादा साधा पंखा येथे रंगीत दिव्यांच्या पट्ट्यांपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी असून गेमिंगसाठी रायझन ७ ९८००एक्स३डी घेणार आहे. सिल्व्हर मॉलमध्ये भाव विचारले, तेव्हा ६००० सीएल ३० आणि ८००० सीएल ४० अशा दोन जोड्या दाखवण्यात आल्या. दुसरी महाग आहे. ती घ्यावी का?

उत्तर : घेऊ नये. सीएलच्या आकड्याला २००० ने गुणून वेगाने भागले की विलंब नॅनोसेकंदांत मिळतो. दोन्ही जोड्यांचे उत्तर १० च येते. त्यात ६००० च्या आसपासपर्यंत, क्वचित ६४०० पर्यंत, या प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर मेमरीच्या बरोबरीने धावतो आणि पुढे त्याला निम्म्या गतीवर यावे लागते, त्यामुळे वाढीव वेगाचा मोठा भाग तेथेच खर्ची पडतो. आपण निवडलेल्या प्रोसेसरवर ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच छोटी, वेगवान मेमरी) आहे; खेळांत पुन्हापुन्हा लागणारी बरीचशी माहिती तेथेच सापडते आणि मेमरीकडे जाण्याची वेळ कमी येते. उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० एस मालिकेचा विचार करत असाल तर गणित थोडे बदलते, कारण तेथे सीयूडिम प्रकारच्या (स्वतःची घड्याळ-चिप असलेल्या) वेगवान पट्ट्यांचा उपयोग होऊ शकतो.

प्रश्न : डीडीआर५मध्ये ईसीसी (चुका ओळखून दुरुस्त करणारी सोय) असतेच, असे ऐकले. मग हिशेबाच्या संगणकासाठी वेगळी मेमरी कशाला?

उत्तर : असते ती चिपच्या आतली दुरुस्ती. चिपमधून बाहेर पडून प्रोसेसरपर्यंत जाताना माहितीत बिघाड झाला तर तिला तो कळत नाही. त्यासाठी ईसीसी असलेल्या यूडिम (साध्या डेस्कटॉपच्या प्रकारच्या) पट्ट्या आणि त्यांना साथ देणारा मदरबोर्ड, दोन्ही लागतात. खरेदीपूर्वी मदरबोर्डच्या उत्पादकाच्या यादीत पट्टीचे मॉडेल पाहून घ्यावे. सर्व्हरमधून निघालेल्या स्वस्त आरडिम पट्ट्यांच्या नादी लागू नये. डीडीआर५मध्ये त्यांची खाच वेगळ्या जागी असते आणि त्यांना वीजपुरवठाही १२ व्होल्टचा लागतो. साध्या डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये त्या बसणारच नाहीत.