'कपाशी लावणारे' म्हणजे 'फक्त कपाशी लावणारे' का?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गुरुजींचा आहे. नववीच्या 'संच' या प्रकरणासाठी त्यांनी गावाकडचं उदाहरण रचलं: "१२० शेतकऱ्यांपैकी ७८ जण कपाशी लावतात, ६४ जण तूर लावतात आणि १५ जण दोन्ही पिकं लावत नाहीत. तर कपाशी आणि तूर दोन्ही लावणारे किती?" वर्गात दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, ७८ म्हणजे नुसती कपाशीवाले, तूरवाले वेगळे. 'फक्त' लिहिलेलं नसताना तो गृहीत धरायचा का, असं गुरुजी विचारतात.

नाही धरायचा. आणि हे गणिताच्या पुस्तकानं लादलेलं नाही, आपल्या बोलण्याची रीतच तशी आहे. गावात कोणालाही विचारा, "काय लावलं यंदा वावरात?" "पऱ्हाटी लावली," म्हणजे कपाशी लावली, असं उत्तर येतं. बांधावर जाऊन पाहिलं तर पऱ्हाटीच्या काही तासांनंतर, म्हणजे ओळींनंतर, एक तास तुरीचं असतं. आता हा माणूस खोटं बोलला का? मुळीच नाही. तूर नाकारायची असती तर तो 'निस्ती पऱ्हाटी' म्हणाला असता. संचाच्या वेन आकृतीत प्रत्येक पिकाचं एक वर्तुळ काढतात आणि दोन्ही पिकं लावणारे दोन वर्तुळांच्या सामाईक भागात येतात. तेव्हा ७८ हा कपाशीच्या अख्ख्या वर्तुळाचा आकडा. तुरीच्या वर्तुळात शिरलेला त्याचा तुकडाही त्यात आला.

या भेदासाठी सातबाऱ्यावर तर तयार शब्द आहेत. गाव नमुना बारात मिश्र पिकाखालचं क्षेत्र वेगळं आणि निर्भेळ, म्हणजे एकाच पिकाखालचं, वेगळं लिहितात. 'निर्भेळ' हा शब्द मला फार आवडतो. 'फक्त'पेक्षा त्याला वजन आहे. पण आकृतीत तो जपून वापरा. सातबाऱ्यावर जमीन मोजली जाते आणि या उदाहरणात माणसं. एखाद्याच्या एका वावरात निर्भेळ कपाशी आणि दुसऱ्यात निर्भेळ तूर असेल, तर तो माणूस मात्र दोन्ही वर्तुळांच्या सामाईक भागातच बसणार.

उत्तर काढायला फार काही लागत नाही. १२० मधून बाहेरचे १५ गेले, उरले १०५. ७८ आणि ६४ मिळून होतात १४२. जास्तीचे ३७ कुठून आले? दोन्ही लावणारे दोनदा मोजले गेले म्हणून. तेव्हा दोन्ही लावणारे ३७, फक्त कपाशी ४१, फक्त तूर २७. मुलांना सामाईक भागापासून बाहेर आकडे भरायला सांगा. बाहेरून आत गेलं की हाच घोळ पुन्हा होतो. (इंग्रज तर्कशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी या आकृत्या १८८० मध्ये मांडल्या आणि त्यांना ते स्वतः, त्यांच्या आधीच्या गणितज्ञाच्या नावानं, ऑयलरची वर्तुळं म्हणत, हे जाता जाता.)

आता 'च'कडे वळू, कारण 'फक्त' टाळायला आपण तोच वापरतो. 'कपाशीच लावतात' म्हणजे दुसरं काही नाही. 'कपाशी लावतातच' म्हणजे न चुकता लावतात. तुरीला बंदी नाही. '७८ शेतकरीच कपाशी लावतात' म्हटलं तर ७९वा नाही, की शेतकरी सोडून कोणी लावत नाही, असा नवाच प्रश्न उभा राहतो. एक अक्षर कुठे चिकटतं यावर उत्तर ७८ की ४१ हे ठरतं. परीक्षेच्या प्रश्नात सरळ 'फक्त' लिहावं, हे बरं.

'किंवा'ही असाच. 'कपाशी किंवा तूर लावणाऱ्यांना बियाणं मिळेल' अशी सूचना लागली तर दोन्ही लावणाऱ्याला रांगेतून कोणी परत पाठवत नाही. म्हणून 'किंवा'चं उत्तर १०५. दोहोंतलं एकच निवडायला लावायचं असेल तेव्हा आपण 'की' म्हणतो: चहा घेता की दूध?

माझ्या मते गुरुजींच्या उदाहरणातली खरी अडचण त्यांनी विचारलेलीच नाही. '१५ जण दोन्ही पिकं लावत नाहीत' याचे दोन अर्थ निघतात. एक, कपाशीही नाही, तूरही नाही. दुसरा, दोन्ही मिळून नाही, एखादं लावत असतील. पहिला अर्थ सहज येतो, पण हुशार पोर दुसऱ्यावर अडून बसू शकतं. इथे आकडेच त्याला गप्प करतात: दोन्ही न लावणारे १५ म्हणजे दोन्ही लावणारे १०५, आणि कपाशीवाले तर सगळे मिळून ७८! पण दर वेळी आकडे असे मदतीला येतील असं नाही. 'दोन्ही' आणि नकार एका वाक्यात आणूच नयेत. 'दोहोंपैकी एकही' लिहावं.

सोयाबीनचं तिसरं वर्तुळ काढलंत तर 'नेमकी दोन' आणि 'निदान दोन' यांतला फरकही सांभाळावा लागेल. कपाशी-तूर लावणाऱ्या ३७ मध्ये तिन्ही पिकं लावणारे १२ असतील, तर ते ३७ च्या आतलेच. ही दोनच पिकं लावणारे उरतात २५.

गुरुजींचं वाक्य मी असं लिहिलं असतं: "१२० शेतकऱ्यांपैकी एकूण ७८ जण कपाशी लावतात, एकूण ६४ जण तूर लावतात आणि १५ जण या दोहोंपैकी एकही पीक लावत नाहीत. दोन्ही पिकं लावणारे किती? फक्त तूर लावणारे किती?"